रतनबाईचा अबोला

तिकोणा पेठेत शिवराळ बायका पुष्कळ आहेत, पण त्यांना कोणी घाबरत नाही. शिवीचं काय, आली तशी जाते. लोक घाबरतात ते रतनबाईला, कारण रतनबाई बोलायची बंद होते.

एकदा तिचं तोंड मिटलं की मिटलं. स्वयंपाक वेळेवर, वाढणं वेळेवर, ताप आला तर कपाळावर ओली पट्टी, तीही वेळेवर. फक्त तुमच्याशी शब्द नाही. सांगण्यासारखं काही निघालंच तर ती गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची, "मालकाला म्हनावं, पानी तापलंय." मालक दोन हातांवर ओसरीत बसलेला असायचा. तो उठून आंघोळीला गेला की म्हशीनं निरोप पोचवला असं धरायचं.

अबोला सुटायची वाट एकच होती. समोरच्यानं 'चुकलं' म्हणायचं. तेही ओठातल्या ओठात नाही. आळीत चार घरांना ऐकू जाईल असं. सासूनं पहिल्याच वर्षी म्हटलं आणि त्यानंतर सुनेला कधी उलटून बोलली नाही. नणंदा एकेक करून म्हणाल्या. मुलगा अमृत दहा वर्षांचा होईस्तोवर इतक्यांदा म्हणाला, की ठेच लागली तरी त्याच्या तोंडून 'आई गं'च्या ऐवजी 'चुकलं' निघायचं. रतनबाईनं स्वतः मात्र हा शब्द जन्मात उच्चारला नव्हता. आपली कधी चूकच झाली नाही असं तिचं मत होतं, आणि ते तपासून बघेल असं माणूस घरात कोणी उरलं नव्हतं.

हे ती माहेरून शिकून आली. भाजे गावात तिची आई बापाला उत्तर द्यायची आणि मार खायची. थोरली रतन चुलीपाशी बसून बघायची. तोंड उघडं असलं की त्यावर हात पडतो. मिटलेल्या तोंडाचं काय करावं ते पुरुषाला कळत नाही. एवढं शिक्षण घेऊन सतराव्या वर्षी ती पवनेच्या अंगाला, तिकोण्याच्या पायथ्याशी नांदायला आली.

नवरा मारुती सालस. सालस माणसांचं जे होतं तेच त्याचं झालं. एकोणीस वर्षांपूर्वी तो एकदा रानातून येताना धाकट्या भावाच्या दारात टेकला आणि भावजयीनं, सरुबाईनं वाढलेली भाकरी नि सुकटीचं कालवण खाऊन आला. घरी रतनबाईनंही सुकटच केली होती. "भूक न्हाई," मारुती म्हणाला. एवढंच. रतनबाईनं ताट उचललं, कुत्र्यापुढं ओतलं आणि तोंड मिटलं.

एरवी मारुती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'चुकलं' म्हणून मोकळा व्हायचा. या खेपेला म्हणाला नाही. सख्ख्या भावाच्या घरी दोन घास खाल्ले यात चुकलं काय, ते त्याला कळेना. सबंध आयुष्यात हा एवढाच हट्ट त्यानं केला, आणि तो त्याला पचला नाही. विसाव्या दिवशी तापानं पडला. तळेगावच्या दवाखान्यात नेला. रतनबाई खाटेशेजारी बसून होती, चमच्यानं पेज पाजत होती, आणि नर्सला सांगत होती, "त्यास्नी म्हनावं, तोंड उघडा." शेवटच्या दिवशी मारुती काहीतरी पुटपुटला. रतनबाईला नीट ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, 'चुकलं'च होतं. पण शेजारच्या खाटेवर ऐकू गेलं नव्हतं, म्हणून तिनं ते हिशेबात धरलं नाही. संध्याकाळी तो गेला.

दहावा झाल्यावर सरुबाई नळावर म्हणाली, "आक्कांनी मारलं थोरल्यांना. हात न लावता मारलं." ते रतनबाईच्या कानावर आलं. तेव्हापासून त्या दोघी जावांचा अबोला. अंगण एक, मध्ये करवंदीच्या काट्यांचं कुंपण, आणि एकोणीस वर्षं एक शब्द नाही.

अशा घरात सृष्टी जन्मली.

अमृत तोवर नवलाख उंबऱ्याकडच्या कारखान्यात लागला होता. पहाटे मोटरसायकलनं कामशेतपर्यंत आणि पुढं कंपनीच्या बसनं जायचा. सून प्रतीक्षा कामशेतचीच, बारावी झालेली. धरणाच्या काठावर पुण्यामुंबईच्या लोकांसाठी तंबू ठोकतात, तिथं स्वयंपाकघर सांभाळायची. म्हणजे पोरगी दिवसभर आजीच्या अंगावर.

आणि पोरगी म्हणजे काय होती? पायात गमबूट असल्याशिवाय झोपायची नाही. अंगात झबलं घातलं की काढायची, काढलं की घाल म्हणायची, आणि घालणाऱ्यानं चूक बाही आधी धरली तर पहिल्यापासून सगळं पुन्हा. दाराची कडी तिनंच लावायची. दुसऱ्या कोणी लावली तर ती काढून, बाहेर जाऊन, परत आत येऊन तिनं लावेपर्यंत घराला सुटका नाही. सगळ्यात मोठं युद्ध भाकरीचं. भाकरी अख्खी हवी. वाढताना कोर जरी मोडली तरी पोरगी दोन्ही तुकडे रतनबाईपुढं धरायची आणि म्हणायची, "जोड."

"मोडल्याली भाकर जुडत न्हाई, बाय."

"जोड."

"आगं, देवाला बी न्हाई जुडायची."

"जोड."

मग रतनबाई दोन तुकडे पुढ्यात लावून, वरनं हात फिरवून, "छू" म्हणायची. पोरगी तुकडे उचलून बघायची. ते सुटे निघायचे. मग थाळी दारातून अंगणात.

रतनबाईनं दुसऱ्या कोणाचं हे चालवून घेतलं नसतं. पण या पोरीचं दोन वर्षं चालवून घेतलं, कारण मनातून ती खूश होती. अमृत बापावर गेला होता, मऊ. सून परकी. ही मात्र आपल्या वळणाची निघाली, असं तिला वाटायचं. "वाकत न्हाई, बगा," येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची. "दातावर दात धरून बसती." पोरगीही जेवायची ती फक्त आजीच्या हातून, झोपायची ती आजीच्या मांडीवर, गमबुटांसकट. दुपारी दोघी ओसरीवर बसायच्या. पोरगी आजीच्या तोंडात एकेक शेंगदाणा घालायची आणि चावला का ते तोंड उघडायला लावून बघायची. रतनबाईच्या तोंडात असं बोट घालायची हिंमत आजवर कोणाची झाली नव्हती.

मग संक्रांत आली.

हळदीकुंकू प्रतीक्षाचं होतं. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. अबोला असला तरी भावकीतल्या बाईला बोलावणं करावंच लागतं, म्हणून सरुबाईही येऊन भिंतीकडेला बसली होती. रतनबाई कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर. येणारी प्रत्येक जण तिच्या पाया पडत होती, आणि ती 'औक्षवंत व्हा' म्हणत होती. सगळं रीतसर चाललं होतं. प्रतीक्षानं पोरीच्या हातात तिळाचा लाडू दिला. "आजीला दे, आणि पाया पड."

"न्हाई," पोरगी म्हणाली.

"पड बरं. सगळ्या बघतायत."

"न्हाई."

अडीच वर्षांचं पोर. त्या घटकेला तिला कशाचा राग आला होता ते तिचं तिला ठाऊक. सकाळी कोणी कडी लावली असेल. तिनं सगळ्या बायकांवरनं नजर फिरवली, गमबूट वाजवत सरळ सरुबाईपुढं गेली, लाडू तिच्या हातात दिला, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. शिकवल्यासारखं, दोन्ही हात लावून.

"पोरीला मानूस वळखतंय बाई," कोणीतरी म्हणालं. खसखस पिकली. सरुबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. रतनबाईही हसली, पण तिचं ते हसणं प्रतीक्षानं बघितलं आणि तिच्या हातातलं वाण खाली पडलं.

बायका गेल्यावर रतनबाईनं लेकाला आणि सुनेला समोर उभं केलं.

"आजपासनं ह्या पोरीशी कुनी बोलायचं न्हाई. ती चुकलं म्हनंपतूर."

"आत्या, अडीच वर्षांची आहे ती," प्रतीक्षा म्हणाली. "तिला अबोला म्हणजे काय ते तरी कळेल का?"

"कळंल. मडकं कच्चं हाय तवरच थापटायचं असतंय."

प्रतीक्षानं नवऱ्याकडं बघितलं. अमृत पायाच्या बोटांकडं बघत होता. "चार दिसांचं तर हाय," तो म्हणाला. "आमी न्हाई का वाढलो?"

त्याच्याकडं बघून तो कसा वाढला ते कोणालाही कळलं असतं. पण उद्या पोरगी कोणाजवळ ठेवून कामावर जायचं, हा प्रश्न प्रतीक्षापुढं होता, आणि रतनबाईला तो तिच्याहून आधी ठाऊक होता.

पहिल्या दिवशी पोरीच्या काही ध्यानात आलं नाही. आपलं आपण बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. वाटी भिंतीवर मारली; कोणी बघितलं नाही. बाप बुटाच्या नाड्या बांधत होता, त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून "पप्पा, पप्पा, पप्पा" असं तीस-चाळीस वेळा म्हणाली. अमृतनं नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी तिनं करू नये ते सगळं केलं. पिठाचा डबा उपडा केला. म्हशीच्या आंबोणात चप्पल टाकली. उंबऱ्यावर उभी राहून, आजीच्या डोळ्यांत डोळे घालून, मुतली. निदान ओरडतील, एवढीच तिची अपेक्षा होती. रतनबाईनं फडकं आणलं, उंबरा पुसला, पोरीची चड्डी बदलली, हात धुतले. चकार शब्द नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लेक-सून कामावर गेल्यावर रतनबाई भाकऱ्या थापत होती. पोरगी चुलीपाशी येऊन उभी राहिली. गमबूट काढून आली होती. खाली मातीकडं बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चुकलं, आजी."

रतनबाईचा हात परातीतच थांबला. ऊर असा भरून आला की पिठाच्या हातांनी पोरीला उचलावं, आणि ती निम्मी उठलीही. पण मग तिच्या मनात आलं, ऐकलं कोणी? चुलीनं आणि भिंतीनं. हसल्या होत्या त्या वीस बायका. ती परत बसली.

"मोट्यानं," ती म्हणाली. "मोट्यानं म्हन. समद्यास्नी ऐकू गेलं पायजे."

पोरीनं मान वर केली. मांजर दुधात तोंड घालण्याआधी माणसाकडं एकदा बघतं, तेवढा वेळ तिनं आजीकडं बघितलं. मग बाहेर गेली, पायरीवर बसली आणि गमबूट घातले. उजवा डाव्यात, डावा उजव्यात.

त्यानंतर ती रतनबाईशी बोलली नाही.

नवव्या दिवशी अमृतचाच धीर सुटला. कामावरून आला, पोरीला उचललं आणि घळाघळा रडत तिच्याशी बोलत सुटला. प्रतीक्षा तर अंथरुणात पांघरुणाखाली रोजच बोलत होती. पोरगी दोघांशी आधी जरा घुम्यासारखी वागली, मग पूर्वीसारखी बडबडायला लागली. सरुबाईशी कुंपणावरनं बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, धरणावर चाललेल्या मोटारींना हात करायची. आजीशी तेवढं नाही. आजी समोर आली की मान फिरवायची. आजीच्या हातचं खायची, आजीकडून आंघोळ करून घ्यायची, केस विंचरून घ्यायची. सगळं वेळेवर. फक्त शब्द नाही.

"मुरतंय अजून," रतनबाई पहिल्या महिन्यात म्हणाली. होळीला तिनं स्वतः अबोला सोडला, जे तिनं नवऱ्यासाठीसुद्धा केलं नव्हतं. पुरणपोळी अख्खी, कोर न मोडता पोरीपुढं ठेवली. "घे माजी बाय. झालं गेलं." पोरीनं पोळी खाल्ली, हात चाटले आणि मांजरीला म्हणाली, "मने, आजीला सांग, आनखी."

रतनबाईला हसू आलं नाही. गुढीपाडवा गेला, वैशाख गेला. कामशेतच्या बाजारातून पैंजण आणले. पोरीनं पाय पुढं केला, घालून घेतले. मांडीवर घेतलं तर बसायची, खाली ठेवलं तर उतरायची. शेंगदाणे स्वतः खायची. भाकरी मोडली की दोन्ही तुकडे मांजरीपुढं धरायची. "मने, आजीला सांग, जोड."

"ती काय तुमच्यासारखं ठरवून नाही करत, आत्या," प्रतीक्षा एकदा म्हणाली. "लहान आहे. जे बघितलं ते करतेय."

"मला शिकवू नगं."

कुंपणापलीकडं सरुबाई दाणे टाकत होती. ती आपल्या कोंबडीला म्हणाली, "ऐकलं का गं, आता आळीत दोन रतनबाया झाल्या. एकीचं निभत नवतं."

रतनबाई आत गेली. घरात पोरगी आणि ती अशा दोघीच असायच्या त्या दुपारी आताशा लांबलचक झाल्या होत्या. पोरीनं तोंड उघडावं म्हणून ती काहीही करायला तयार होती. एक शब्द सोडून.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अमृतच्या भाताची लावणी निघाली. इर्जिक होती, आळीतली सगळी माणसं आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या. ज्याचं खाचर त्यानं जेवू घालायचं. रतनबाईचा गुडघा चिखलात उतरायचा राहिला होता, म्हणून चौदा माणसांचा स्वयंपाक तिच्याकडं आणि पोरगीही तिच्याकडं. एक वाजता जेवणाची पाटी न्यायला सरुबाई यायची होती. भरली पाटी डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरनं चालावं ते तिनंच. यायचं, पाटी उचलायची, जायचं. दोघींनी एकोणीस लावण्या अशाच निभावल्या होत्या.

साडेदहाला भाकऱ्या झाल्या. सुकटीचं कालवण गॅसवर बारीक ठेवून रतनबाई घरामागच्या न्हाणीत आंघोळीला गेली. लुगडं खुंटीला अडकवलं, तांब्या घ्यायला वळली आणि शेवाळलेल्या फरशीवरनं पाय गेला. खुब्यात वाळलं फाटं मोडावं तसा आवाज झाला.

उठायला गेली तर खालचा भाग तिचा राहिलाच नव्हता. लुगडं खुंटीवर, हाताला येईना. वर पत्रा, त्यावर पाऊस ताशा वाजवल्यासारखा. "आगं ये प्रतीक्षा," तिनं हाक मारली. पत्र्यानं ती खाऊन टाकली. खाचर दोन बांधांच्या पलीकडं, पण या पावसात ते लोणावळ्याला असतं तरी तेवढंच.

दारात गमबूट दिसले. पोरगी मांजरीला काखोटीला मारून उभी होती.

"सृष्टे, पळ. आईला बोलीव. म्हनावं, आजी पडली."

पोरीनं बघितलं. मग मांजरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मने, आजी पडली."

"आगं तिला न्हाई, आईला सांग. बांधावरनं जा. रोज जातीस की."

पोरगी खाली बसली. दारातल्या पागोळीचं पाणी गमबुटात घेऊन ओतायला लागली.

वाट तिला पाठ होती. सकाळ-संध्याकाळ दुडुदुडु एकटी जायची. तीन मिनिटांची चाल. रतनबाईनं लाडीगोडी लावली. बिस्किटं देते, धरणावर बोटीत बसवते. पोरगी पाणी ओतत होती. धमकी दिली, उठले की चामडी सोलते बग. पोरीनं दुसरा गमबूट भरला. मग रतनबाई रडली, तेही खरंखुरं, कारण कळ आता मस्तकात जात होती. पोरीनं रडणं नीट बघून घेतलं. संक्रांतीनंतर दोन दिवस ती स्वतः रडली होती तेव्हा कोणी काय केलं होतं? कोणी काही केलं नव्हतं. म्हणजे रडणाऱ्याचं असंच करायचं असतं.

कालवण करपल्याचा वास आला. चौदा माणसांचं कालवण. त्यानंतर कामशेतला जाणारी बाराची एसटी चढणीवर कण्हत गेलेली ऐकू आली. म्हणजे उरला एक तास. मग सरुबाई येणार. घरात हाक नाही, ओ नाही, करपट वास. ती मागं न्हाणीत डोकावणार. रतनबाई अशी, लुगड्याविना, शेवाळावर उताणी, आणि वरनं बघायला सरुबाई. मेलेलं परवडलं. पोरगी आत्ता गेली तर सून येईल, पोरगा येईल, अंगावर कापड पडेल, खाटेवर घालतील. सगळं पोरीच्या पायांत होतं.

आणि पोरीला काय हवं होतं ते रतनबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनंच तर नियम घातला होता.

तिनं आणखी थोडा वेळ काढला. एवढं म्हटलं पाहिजे की सोपं तिला गेलं नाही. सासू, नणंदा, नवरा, लेक, सगळ्यांनी म्हटलेला शब्द तोंडात आणताना तिची जीभ अशी जड झाली, की खुब्यातली कळसुद्धा क्षणभर मागं पडली. अखेर फरशीकडं बघत, अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "चुकलं, बाय."

पाणी ओतायचं थांबलं. पोरगी उठली. भिजल्या मोज्यांनी दोन पावलं आत आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि आजीच्या तोंडाजवळ तोंड आणलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती आजीशी बोलली.

"मोट्यानं," ती म्हणाली.

रतनबाईनं डोळे मिटले. दवाखान्यातली खाट, चमचा, पेजेचा वाडगा असं काहीतरी डोळ्यांपुढं येऊन गेलं. मग तिनं छाती भरून घेतली आणि पत्र्यावरच्या पावसाच्या वर आवाज चढवून ओरडली, "चुकलं! चुकलं माजं!"

"आक्का?"

दारात सरुबाई. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, काखेत रिकामी पाटी. पाऊस वाढला म्हणून अर्धा तास आधीच आली होती. पाटी तिच्या हातातून गळाली. तिनं खुंटीवरचं लुगडं ओढून रतनबाईवर टाकलं, चारी बाजूंनी खोचलं, डोकं मांडीवर घेतलं. सगळं भराभर केलं.

"थोरल्यांच्या येळचंच म्हनताय न्हवं?" ती म्हणाली. "कळलं मला, आक्का. मरताना तरी म्हनाल असं वाटत हुतं. एकुनीस वर्सं लागली वं तुमाला."

रतनबाईनं तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं? की तुला नव्हतं, या तीन वर्षांच्या पोरीला होतं? हिनं म्हणायला लावलं, आणि दोनदा लावलं? उद्या नळावर हे का ते, यातलं कोणतं कमी लाजेचं, ते तिला ठरवता येईना. तेव्हा तिनं जन्मभर केलं तेच केलं. तोंड मिटलं. आजवर ते मिटलेलं तोंड तिची बाजू घेत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच फितूर झालं. सरुबाईनं ते होकार म्हणून घेतलं आणि मोठ्यानं गळा काढला.

पोरगी तोवर बांधावरनं आईला बोलवायला गेली होती. कबूल केलेलं तिनं पाळलं.

खुब्यात पट्टी आणि सहा स्क्रू घालून रतनबाई घरी आली, त्याला दोन महिने झाले. खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. दवाखान्यात प्रतीक्षानं एकदाच विचारलं होतं, "सृष्टी होती ना घरात, आत्या? तिला का नाही पाठवलंत?"

"ल्हान हाय ती. तिला काय कळतंय?"

जानेवारीत हेच कोण म्हणालं होतं, ते दोघींनाही आठवत होतं.

सरुबाई आता कुंपणाचे काटे सारून रोज येते. अबोला सुटला, मन निवळलं, असं सगळ्या गावाला सांगते. आणि नुसतं सुटला म्हणून नाही सांगत. न्हाणीत काय झालं, आक्कांनी थोरल्यांच्या नावानं कसा टाहो फोडला, ते येईल त्या पाहुण्याला खाटेच्या उशाशी बसून पहिल्यापासून सांगते. तिच्या मनात पाप नाही, हीच अडचण आहे. येताना वाटीत सुकटीचं कालवण आणते. "थोरल्यांना लय आवडायचं," म्हणते आणि चमचा पुढं करते. "तोंड उघडा, आक्का." रतनबाई उघडते.

गाव आता रतनबाईला घाबरत नाही. भेटायला येणाऱ्या बायका तिच्यासमोर तिच्याविषयी बोलतात, जसं खाटेविषयी बोलावं. ती गप्प राहिली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सकाळी लेक-सून कामावर जातात. पोरगी आतून दाराची कडी स्वतः लावते आणि गमबूट घालून उंबऱ्यावर बसते, मांजरीला घेऊन. मागच्या महिन्यात तिनं भाकरी जोडायला सांगायचं सोडलं. मोडकी खाते आता. पाण्याचा तांब्या कोनाड्यात आहे, खाटेवरनं हात पुरत नाही.

"सृष्टे," रतनबाई म्हणते. "पानी दे, बाय."

पोरगी खिडकीतून बाहेर बघत असते. आजीशी ती एवढा एकच शब्द बोलते.

"मोट्यानं."

रतनबाई मोठ्यानं म्हणते.